घटस्फोट, पोटगी, छळ, बहिष्कार: केस चालेल त्याच कोर्टातला कामाचा वकील कसा शोधायचा

"कुणी चांगला वकील आहे का ओळखीत?" असं विचारलं की लगेच नावं यायला लागतात, कुणाचा मामेभाऊ, कुणाच्या सोसायटीतले काका, आणि त्यातले निम्मे जमिनीचे दावे नाहीतर चेक बाउन्स करणारे असतात. ते वकील वाईट असतात असं नाही, पण पोटगीच्या अर्जात काय मागायचं आणि कशाचे कागद लावायचे हे जो रोज करतो त्यालाच नीट जमतं. मी ओळखीतल्या बायकांबरोबर कोर्टात जाते, बरीच वर्षं जातेय, आणि माझं ठाम मत झालंय की मोठ्या नावाच्या मागे लागू नका, ज्या कोर्टात तुमची केस चालणार तिथे रोज उभा राहणारा वकील धरा. म्हणून आधी कोर्ट ठरवा, वकील नंतर.

घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा, मुलाचा ताबा हे सगळं मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत कौटुंबिक न्यायालयात चालतं, मुंबईचं वांद्र्याला आहे, पुण्याचं शिवाजीनगरला. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे घटस्फोट दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक वेळा तालुक्यालाच. आणि गाव कुठलं? हिंदू विवाह कायद्यात लग्न जिथे झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिली किंवा समोरची पार्टी जिथे राहते तिथे केस टाकता येते, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको सध्या जिथे राहते तिथेही. म्हणजे सासर पुण्यात असलं आणि मुलगी माहेरी साताऱ्याला आली असली तर केस साताऱ्यात टाकता येते आणि वकीलही साताऱ्याचाच हवा. पुण्याचा मोठा वकील दर तारखेला येणार नाही, आला तरी गाडीभाडं तुमच्याच खिशातून जाणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे माहीत नसल्यामुळे बायका दागिने मोडतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ म्हणतं की बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नोकरी करणारी असली तरी मिळतो. मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, जातीय अत्याचाराला बळी पडलेले यांनाही उत्पन्नाची अट नाही, बाकी बहुतेकांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज आणि आधार कार्ड घेऊन जायचं, आणि जायच्या आधी फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे. "फुकटचा वकील कसला लढणार" असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत, मन लावून काम करणारे वकील आहेत, फक्त अर्ज देतानाच स्पष्ट सांगा की कौटुंबिक केसेस करणारा वकील द्या, आणि दिलेला वकील तारखांना येत नसेल तर तिथेच लेखी अर्ज देऊन बदलून मागा. पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडून फी मागायची नसते, मागितली तर त्याच ऑफिसात सांगा.

स्वतः वकील करणार असाल तर एक दिवस काढा आणि कोर्टात जाऊन बसा. खरंच जा. सकाळी अकराच्या आधी पोचा, दाराबाहेर त्या दिवसाच्या केसेसचा बोर्ड लावलेला असतो तो वाचा, मग मागच्या बाकावर बसून बघत राहा. पुकारा झाला की कोण पटकन उभं राहतं, कोणाच्या हातात फाईल उघडलेली असते, कोणाचा ज्युनिअर नुसता "साहेब, दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख द्यावी" म्हणून येतो हे एका सकाळीत दिसतं. बाहेर पॅसेजमध्ये वकील आपल्या पक्षकाराशी कसा बोलतो तेही बघा, रडणाऱ्या बाईला दोन मिनिटं थांबून समजावतो की "मी सांगतो तेवढंच बोला" म्हणून पुढे निघतो. कुठला वकील बरा हे नोटरी आणि टायपिंगवाल्यांनाही चांगलं माहीत असतं, पण एकाच टेबलावरून सारखं एकच नाव पुढे केलं जात असेल तर जरा सांभाळून.

मग घरी येऊन ई-कोर्ट्सचं ॲप उघडा. त्यात जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोधता येतं. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. किती केस जिंकल्या ते तिथे कळणार नाही आणि कौटुंबिक केसमध्ये हार-जीत मोजण्यात तसा अर्थही नाही, पण त्या कोर्टात त्याच्या घटस्फोटाच्या आणि हिंसाचाराच्या केसेस आहेत की सगळे दिवाणी दावेच आहेत हे कळतं, आणि तारखांमागून तारखा नुसत्या पुढे जातायत का तेही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तिचा नंबरही विचारा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेत शेवटी वर्ष असतं, त्यावरून वकिली कधी सुरू झाली ते समजतं. "वीस वर्षांचा अनुभव" ऐकलं आणि सनद २०१६ ची निघाली तर मग पुढे बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणखी एक, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत, तेव्हा "शंभर टक्के निकाल" असल्या जाहिराती बघून फोन करू नका.

पहिल्या भेटीला लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधी आलेल्या नोटिसा, पोलीस स्टेशनला किंवा भरोसा सेलला (पोलिसांचा महिलांच्या तक्रारींचा कक्ष) दिलेले अर्ज असतील तर ते, सगळ्याच्या झेरॉक्स न्या, ओरिजिनल देऊन येऊ नका. आणि तारखांसकट एक पानभर हकीकत लिहून न्या, लग्न कधी, घराबाहेर कधी काढलं, शेवटचे पैसे कधी दिले. जाणता वकील या भेटीतच नवऱ्याची पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट, घरभाडं, मुलांच्या शाळेची फी हे विचारायला लागतो, कारण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलंय. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असंही त्यात आहे, म्हणून अर्ज आठवड्यात टाकणारा वकील आणि चार महिने "ड्राफ्ट चालू आहे" म्हणणारा वकील यात खरोखर पैशाचा फरक पडतो.

विचारायचं काय, तर सगळ्यात आधी हे की तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर. ज्युनिअर आला म्हणून काही बिघडत नाही, पण उलटतपासणीला आणि तात्पुरत्या पोटगीच्या युक्तिवादाला कोण, हे आधी बोलून घ्या. दुसरं, समोरचे "से", म्हणजे लेखी उत्तर, द्यायला वेळ काढत राहिले तर काय करणार. तिसरं, समुपदेशक आणि मध्यस्थीला पाठवलं तर तयारी कशी करून घेणार. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील उभा करणं हा तुमचा हक्क धरत नाहीत, कोर्टाच्या परवानगीने तो उभा राहतो, परवानगी सहसा मिळते, पण न्यायाधीश थेट तुम्हालाच प्रश्न विचारू शकतात, तेव्हा तुम्हाला तयार करणारा वकील हवा, तुम्हाला गप्प बसवणारा नको.

काही वकिलांपासून मात्र लांब राहा. "आठ दिवसांत घटस्फोट करून देतो" म्हणणारा, कारण परस्पर संमतीच्या घटस्फोटातसुद्धा दोन अर्जांच्या मध्ये सहा महिने असतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं पण त्याला अटी आहेत आणि तो निर्णय कोर्टाचा. बॉन्डवर नोटरी करून काडीमोड लिहून देणारा तर मुळीच नको. जातीत तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, एरवी त्या कागदाने लग्न मोडत नाही आणि त्याच्या जोरावर दुसरं लग्न केलेली बाई सगळ्या बाजूंनी अडकते, हे फार वाईट असतं. आणि "आधी सगळ्या घरादारावर केस टाकू, घाबरून येतील" म्हणणाराही नको. छळ झाला असेल तर फिर्याद जरूर द्या, जुनं ४९८अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे, पण जे घडलं नाही ते लिहिलं की उलटतपासणीत खरं घडलेलंही खोटं वाटायला लागतं.

फीचं बोलताना लाजू नका. एकरकमी की टप्प्याने, तात्पुरत्या अर्जाचे वेगळे का, अपील झालं तर काय, टायपिंग-झेरॉक्स-नक्कल खर्च कुणाचा, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या, पैसे ऑनलाइन द्या म्हणजे नोंद राहते. पोटगी मिळेल त्यातले इतके टक्के असं ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचा वाद अशा प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, तरीही "कोर्ट फी स्टॅम्पचे पैसे द्या" असं सांगितलं जातं, तेव्हा कशाचे ते विचारा.

वकीलपत्र वाचून सही करा. छापील फॉर्म असतो, त्यात तडजोड करायचे, कोर्टातून पैसे उचलायचे अधिकार पण लिहिलेले असतात, नको असेल ते खोडून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही नाही म्हणजे नाही.

आता आंतरजातीय लग्न असेल तर. तिथे घरातलं भांडण आणि नागरी हक्काचा प्रश्न एकाच वेळी येतो आणि फक्त घटस्फोट करणारा वकील कमी पडतो. जातपंचायतीने दंड लावला, वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सून अनुसूचित जातीची आहे आणि सासरचे जातीवरून छळतात तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागू शकतो, ती केस विशेष न्यायालयात सरकारी वकील चालवतात, पण आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडितेचं म्हणणं ऐकून घ्यायचं असं कलम १५अ सांगतं, आणि तिथे आपला वकील हजर हवा. म्हणजे एकाच बाईची हिंसाचाराची केस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, ॲट्रॉसिटी विशेष न्यायालयात आणि घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात. तीन ठिकाणी तीन वकिलांनी तीन तऱ्हेने हकीकत लिहिली की समोरचा वकील तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि फरक वाचून दाखवतो. म्हणून एकच वकील, नाहीतर निदान एकमेकांशी बोलणारे वकील, आणि तारखांसकटची ती एक पानाची हकीकत सगळ्यांकडे सारखी. अशा वकिलाला सरळ विचारा, ॲट्रॉसिटीत फिर्यादीच्या बाजूने जामिनाला विरोध केलाय का, कुठल्या कोर्टात.

सासर गोव्यात असेल तर हे वेगळं लक्षात ठेवा की बार कौन्सिल एकच असली तरी कायदा वेगळा आहे, तिथे अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा धरतात, सिंधुदुर्गातल्या वकिलाला ते माहीत असेलच असं नाही. परदेशात राहणाऱ्यांनी भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवलं तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित (स्टॅम्प ड्युटी भरून) करून घ्यावं लागतं, हे वकिलाने स्वतःहून सांगायला हवं.

आणि वकील बदलायचा असेल तर बदला, तो तुमचा हक्क आहे. आधीच्याकडून ना हरकत घ्यायची पद्धत आहे, उरलेली फी त्याला मागता येते, पण फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. तरीही देत नसेल तर कोर्टात तसा अर्ज द्या आणि बार कौन्सिलकडे वकिलांच्या कायद्याच्या (ॲडव्होकेट्स ॲक्ट) कलम ३५ खाली तक्रार करा, ती गैरवर्तनाची असते, केस हरल्याची नाही. तोवर थांबून राहू नका, नक्कल विभागातून अर्जाची, प्रतिज्ञापत्रांची आणि रोजनाम्याची (दर तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) नक्कल काढा, नवीन वकिलासमोर ठेवा, आणि पुढची तारीख त्याने डायरीत लिहिलेली स्वतः बघूनच तिथून उठा.