तीन मिनिटांत सयाम : लेक्चरेटची तयारी

एसएसबीत, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढं, जीटीओ साहेब (गटाच्या चाचण्या घेणारे अधिकारी) हातात कार्ड देतात. त्यावर चार विषय. एक निवडायचा, तीन मिनिटं विचार करायचा आणि गटापुढं उभं राहून तीन मिनिटं बोलायचं. यालाच लेक्चरेट म्हणतात. जिंतूरला सकाळची दौड झाली की मी लेकरांकडून हाच सराव करून घेतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, तरणे अधिकारी घडताना जवळून पाहिले. म्हणून ‘थायलंडमधलं लष्करी अधिकाऱ्यांचं शिक्षण’ हा विषय माझ्या वहीत कायम असतो.

सुरुवात सनावळीनं करू नका. १८८७ साली बँकॉकमध्ये लष्करी शाळा निघाली, हे खरं. पण ऐकणाऱ्याला आधी त्यामागची नड कळू द्या. सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, एका अंगाला ब्रह्मदेशात इंग्रज सरकत होते, दुसऱ्या अंगाला व्हिएतनाम-कंबोडियात फ्रेंच. मध्ये चुलालाँगकॉर्न राजा. ऐन तारुण्यात, १८७२ मध्ये तो हिंदुस्थान फिरून गेला होता, अगदी मुंबईसुद्धा. परक्याची सत्ता कशी चालते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढं सांगा, मग शाळेचा विषय काढा.

आता पाकनाम, म्हणजे बँकॉकच्या नदीच्या मुखावरची लढाई. इथं घाई नको. जुलै १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी नदीच्या मुखावरचा तोफांचा मारा झेलून थेट बँकॉकपर्यंत आल्या. त्या वेळी सयामच्या बाजूनं हुकूम देणाऱ्यांत डॅनिश अधिकारी होते. त्यांना दोष देऊ नका, ते लढले. पण शिपाई आपला आणि हुकूम देणारा परका, ही स्थिती राज्याला परवडत नाही. त्याच वर्षी मेकाँगच्या डाव्या तीरावरचा मुलूख गेला. माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव या प्रसंगात आहे, म्हणून निदान एक मिनिट इथं द्या.

पुढचं आपोआप जुळतं. राजानं स्वतःची मुलं शिकायला बाहेर पाठवली : वजिरावुध सँडहर्स्टला, चक्रबोंग्स रशियात, परिबत्र जर्मनीत. १९०५ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. एवढे शिपाई येणार म्हटल्यावर शिकलेले अधिकारी लागणारच. नावं जिभेवर बसत नसतील तर गाळा, देश तेवढे सांगा.

बरीच मुलं राजाची थोरवी सांगून खाली बसतात. तसं करू नका. १९३२ मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपवणाऱ्यांत युरोपात शिकून आलेले लष्करी अधिकारी होते. फहोन जर्मनीत शिकलेले, फिबून फ्रान्समध्ये. शिक्षण फक्त तोफखान्यापुरतं राहत नाही, हे बोलायची हिंमत ठेवा.

नंतरचा काळ दोन वाक्यांत उरका. १९५८ मध्ये निघालेल्या पूर्वतयारी शाळेत भूदल, नौदल, हवाईदल आणि पोलीस अशा चौघांचे कॅडेट आधी एकत्र शिकतात, मग आपापल्या अकादमीत जातात. भूदलाची अकादमी १९८६ मध्ये बँकॉकहून नाखोन नायोकला गेली. खडकवासल्याच्या एनडीएशी तुलना करायची तर याच ठिकाणी करा : आपल्याकडेही तिन्ही दलं एकत्र घडतात, पोलीस मात्र नाहीत.

अडीच मिनिटांना इशारा मिळतो. तो ऐकून नवा मुद्दा काढू नका. हातातलं वाक्य पुरं करा, आवाज तोच ठेवा आणि जागेवर जाऊन बसा. घरी सराव करताना मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि आधी पाकनामचा भाग ऐका.