ट्यूब्युलर टायर चिकटवताना आणि वापरताना

ट्यूब्युलर म्हणजे शर्यतीच्या सायकलचा, रिमला गोंदाने चिकटवायचा टायर. त्यात ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि शिवणीवर एक कापडी पट्टी बसवलेली असते. रिमला टायर अडकवून धरणाऱ्या कडा नसतात, नुसती उथळ पन्हळ असते. आतले धागे तिरपे असल्यामुळे हवा भरली की टायरचा घेर आवळतो आणि तो रिमवर घट्ट बसतो. हवा गेली की मात्र सगळी भिस्त गोंदावर. वळणावर टायरला बाजूने रेटा बसतो आणि आधी उचलली जाते ती कडा. त्यामुळे मधोमध कितीही गोंद ओतला आणि कडा कोरड्या राहिल्या, तर टायर निघायचाच.

पहिल्यांदा चिकटवताना एका चाकाला २५-३० ग्रॅमची एक ट्यूब गोंद धरून चाला. व्हिटोरियाचा मास्टिक वन किंवा कॉन्टिनेंटलचा रिम सिमेंट घ्या. कॉन्टिनेंटलचा कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगवेगळा येतो, ते बघून घ्या. पंक्चरवाल्याचं सोल्युशन किंवा चपलांचा गोंद इथे चालत नाही. रिम सिमेंट वाळल्यावरही रबरासारखा लवचिक आणि चिकट राहतो, तेच तर हवं असतं. (पूर्वी युरोपात ट्रॅकवरचे टायर लाखेने चिकटवत. लाख कडक बसते म्हणून गुळगुळीत ट्रॅकवर चाले; रस्त्याच्या धक्क्यांनी ती तडकते.)

आधी नवा टायर गोंद न लावता कोरड्या रिमवर चढवा, ७ बार म्हणजे साधारण १०० पीएसआय हवा भरा आणि किमान २४ तास तसाच ठेवा. न ताणलेला टायर ओल्या गोंदावर चढवायला गेलात की हात, रिम आणि फरशी सगळं बरबटतं आणि टायर वाकडा बसतो.

अ‍ॅल्युमिनियमची नवी रिम बारीक पॉलिश पेपरने हलकी घासून अ‍ॅसिटोनने पुसा. कार्बन रिमला पॉलिश पेपर लावू नका. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलेली बरी, बाकी रिम कंपनी काय सांगते ते पाळा. पुसल्यानंतर तिथे बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुरेसं नडतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

मग जुन्या टूथब्रशने रिमवर पातळ थर द्या, अगदी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. टायरमध्ये पट्टी बाहेरच्या बाजूला उलटेल एवढीच हवा भरून पट्टीवरही एक थर द्या. दोन्ही रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी रिमवर दुसरा थर, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी रिमवर शेवटचा पातळ थर देऊन १०-१५ मिनिटांत टायर चढवा. एकच जाड थर देऊन वेळ वाचवायचा मोह होतो. तो थर वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओलाच राहतो.

चढवताना चाक जमिनीवर उभं धरा, व्हॉल्व्हचं भोक वर. व्हॉल्व्ह सरळ आत घाला आणि तिथून दोन्ही हातांनी टायर खाली ओढत, ताणत दोन्ही बाजूंनी एकदमच खाली या. शेवटचा वीतभर भाग उरतो तेव्हा चाक उचलून पोटाला टेकवा आणि दोन्ही अंगठ्यांनी तो पलीकडे ढकला. आता २ बार हवा भरून चाक फिरवा. पट्टी दोन्ही कडांना सारखीच दिसली पाहिजे. नसेल तिथे टायर हाताने पिळून सरळ करा. मग ७ बार भरा, चाकावर वजन देत ते जमिनीवरून फिरवा आणि २४ तास हात लावू नका.

तपासणी सोपी आहे. हवा पूर्ण सोडा आणि अंगठ्यांनी टायर बाजूला ढकलत सगळ्या घेरावर फिरा. कडेला कुठेही फट दिसली तर त्या चाकावर बसायचं नाही. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक शर्यतीआधी हे करा.

लांब उतारावर, उदाहरणार्थ पसरणी किंवा आंबेनळी घाटात, रिम ब्रेक सतत दाबून ठेवलात तर रिम तापते आणि गोंद मऊ पडतो. पुढचा-मागचा आलटून पालटून, थोडा जोरात दाबा आणि सोडा. डिस्क ब्रेकला ही भीती नाही. २००३च्या टूर द फ्रान्समध्ये १४ जुलैला गॅप या गावाकडे उतरताना स्पॅनिश सायकलपटू होसेबा बेलोकीचं मागचं चाक वितळलेल्या डांबरावर लॉक होऊन घसरलं आणि टायर रिमवरून निघाला; मांडीचं हाड, कोपर, मनगट, सगळं मोडलं. मे महिन्यात बंद गाडीत चाकं ठेवणंही टाळा, नाहीतर निदान हवा कमी करून ठेवा.

पावसाळ्यात पाणी व्हॉल्व्हच्या भोकातून आणि स्पोकच्या भोकांतून आत शिरतं आणि सुती पट्टी कुजते. भिजून आल्यावर व्हॉल्व्ह खाली करून चाक निथळू द्या. आत लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ट्यूब असलेल्या टायरची हवा रात्रीत बरीच उतरते, ते पंक्चर नव्हे. रोज हवा बघायचीच.

सोबतचा स्पेअर टायर जुना, आधी ताणलेला आणि पट्टीवर गोंदाचा थर असलेला हवा. नवा कोरा टायर रस्त्याकडेला चढत नाही. बदलल्यानंतर घरी येईपर्यंत वळणं सावकाश घ्या, कारण रिमवरचा उरलेला गोंद त्याला अर्धवटच धरतो.

जुना टायर काढताना व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरुवात करा, आणि काढल्यावर दोन्ही बाजू नीट बघा. गोंद रिमवर आणि पट्टीवर दोन्हीकडे फाटून राहिला असेल तर चिकटवणं चांगलं झालं होतं. रिम चकाचक निघाली तर ती नीट पुसलेली नव्हती. आणि पट्टीच रिमवर राहून टायरची शिवण उघडी पडली, तर गोंदाचा दोष नाही. पट्टी टायरपासून सुटली होती. असा टायर फेकून द्या, आणि त्याच वयाचा दुसऱ्या चाकावरचा टायरही लगेच तपासा.