व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड दिलं, मॉनिटर मात्र काळा

माझं रोजचं काम डेबियन लिनक्सवर चालतं, पण घरांची थ्रीडी ड्रॉइंग्ज ज्या सॉफ्टवेअरमध्ये करते ते फक्त विंडोजवर चालतं. म्हणून केव्हीएममधल्या (लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) विंडोजला अख्खं ग्राफिक्स कार्ड देऊन टाकलं. मशीन सुरू व्हायचं, कार्डाचा पंखा फिरायचा, मॉनिटर काळाच. दोन रात्री मी विंडोजचे ड्रायव्हर काढत-घालत बसले आणि बिघाड होता लिनक्सच्या बाजूला. तुम्ही खालून वर या: आधी बायॉस (मदरबोर्डच्या सेटिंग्ज), मग लिनक्स, विंडोज सगळ्यात शेवटी.

बायॉसमध्ये इंटेलवर व्हीटी-डी सुरू हवं. व्हीटी-एक्स वेगळं, त्याने मशीन चालतं, पण कार्ड सोपवता येत नाही. एएमडीवर आयओएमएमयू (कुठलं उपकरण कोणत्या मेमरीपर्यंत पोचेल हे ठरवणारा भाग) हा पर्याय शोधा. इंटेल असेल तर लिनक्स सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’ घाला.

मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड चालवा. कार्डाखाली वापरातला ड्रायव्हर ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ (कार्ड व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणारा) दिसला पाहिजे. ‘नूव्हो’ किंवा ‘एएमडीजीपीयू’ दिसला, तर कार्ड अजून होस्टनेच, म्हणजे मूळ लिनक्सनेच, धरून ठेवलंय. कार्डावरचा एचडीएमआय ऑडिओ वेगळा दिसतो: माझ्याकडे चित्र ०१:००.०, आवाज ०१:००.१. दोन्ही एकत्रच द्यायचे. त्यांच्या आयओएमएमयू गटात (एकत्रच सोपवावी लागणारी उपकरणं) डिस्क कंट्रोलर किंवा नेटवर्क कार्डही असेल, तर ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. एसीएस ओव्हरराइड, म्हणजे हे गट जबरदस्तीने तोडणारा पॅच, मी वापरत नाही. त्याने गट कागदावर वेगळे होतात, हार्डवेअरमध्ये मधली भिंत असेलच असं नाही.

माझं हे सगळं बरोबर होतं. शेवटी मशीन सुरू करून होस्टवर ‘डीमेसेज’ने कर्नलचे संदेश पाहिले, तर एकच ओळ शेकडो वेळा: ‘बार १: कान्ट रिझर्व्ह’. म्हणजे कार्डाची मेमरी आधीच कोणीतरी अडवलेली. रूट होऊन ‘/प्रॉक/आयओमेम’ उघडली, तर कार्डाच्याच पत्त्याखाली ‘बूटएफबी’. मॉनिटरची केबल त्याच कार्डाला असल्यामुळे बायॉस पहिला पडदा तिथेच दाखवत होतं, आणि तो फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवलेली मेमरी) लिनक्सने सोडलाच नव्हता.

बायॉसमध्ये प्रायमरी डिस्प्ले प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर नेला, होस्टची केबल मदरबोर्डला लावली, आणि विंडोजचा लॉगिन पडदा आला! प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कर्नलला ‘इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=सिसएफबी_इनिट’ द्या. मात्र मग होस्टचा पडदा दिसणार नाही, म्हणून आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने लॉगिन होतंय ना, ते तपासा.

विंडोजमध्ये कोड ४३ (कार्ड थांबवल्याची चूक) दिसला तर हायपरव्हायजर (म्हणजे इथे केव्हीएम) विंडोजपासून लपवायचे जुने उपाय लगेच करू नका. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांच्या ड्रायव्हरने २०२१ मध्ये, ४६५ मालिकेपासून, व्हर्च्युअल मशीनमधला वापर मान्य केलाय. आधी ड्रायव्हर नवा घाला.

पहिल्यांदा चालतं आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं की अडकतं, तर कार्ड रीसेट होत नाहीये. एएमडीच्या काही पिढ्यांसाठी ‘व्हेंडर-रीसेट’ मॉड्यूल आहे. तुमचं कार्ड त्याच्या यादीत आहे का बघा. अडकलेल्या कार्डाला रीस्टार्ट पुरत नाही. होस्ट पूर्ण बंद करा, मागचं बटण बंद करून थोडं थांबा, मगच पुढची चाचणी घ्या.