फिट मेंदूत कुठून सुरू होते? स्कॅनला येण्याआधी एवढं करा

परळला एमआरआयच्या मशीनवर मला सोळा वर्षं झाली. फिटचा पेशंट येतो तेव्हा चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढंच असतं: ‘एमआरआय ब्रेन, फिट्स’. टॅक्सीत बसून ‘मुंबईत सोडा’ म्हणण्यातलाच प्रकार.

म्हणून पहिलं काम घरचं. फिट आली की पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावणारे एक काका असतातच, त्यांच्या हातात मोबाइल द्या आणि शूटिंग करायला लावा. पहिली पाच-दहा सेकंदं सगळ्यात महत्त्वाची. मान कुठे वळली, आधी कुठला हात हलला, पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं का, हे तारखेसकट वहीत लिहा.

लालबागच्या एका आईने असाच व्हिडिओ दाखवला होता. मुलगा उजव्या हाताने शर्टाचं बटण चाळवत बसलेला, डावा हात मनगटात वाकडा होऊन ताठलेला. डॉक्टरांना उजव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, संशय आला तो त्यावरून. आधीचा स्कॅन ‘नॉर्मल’ होता, पण तो पाच-पाच मिलिमीटरच्या कापांचा. त्या लोबच्या आतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा भाग, करंगळीएवढा; त्यात बारीक काय दिसणार? आम्ही एक मिलिमीटरच्या कापांचे थ्रीडी टी-वन आणि फ्लेअर घेतले, शिवाय हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात टी-टू; हे सगळे एमआरआयच्या फोटोंचे प्रकार. उजवीकडचा आक्रसलेला निघाला, फ्लेअरवर पांढरा.

तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: एपिलेप्सी प्रोटोकॉल (फिटसाठी ठरवलेला असा बारीक कापांचा स्कॅन) करता का, मशीन किती टेस्लाचं (म्हणजे चुंबक किती ताकदीचं)? तीन मिळालं तर उत्तम. दीडवरही काम होतं, प्रोटोकॉल मात्र सोडू नका.

त्या दिवशी गोळ्या चुकवू नका. शेवटची फिट कधी आली ते आवर्जून सांगा, कारण नुकत्याच येऊन गेलेल्या फिटमुळेही मेंदूत तात्पुरती सूज दिसू शकते. मंगळसूत्र सगळ्याजणी आठवणीने काढतात, निऱ्यांतली पिन राहते. दंडातला ताईतही बघा. आत अर्धा-पाऊण तास डोकं हलवायचं नाही. खोकला असेल तर आधी सांगा, तारीख बदलू.

दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील आणि ऑपरेशनचा विचार चालू असेल, तर पुढे व्हिडिओ ईईजी (शूटिंग चालू ठेवून मेंदूतल्या विजेची नोंद), आणि पेट व स्पेक्ट हे दोन स्कॅन: पेट मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवतो, स्पेक्ट रक्त कुठे किती धावतं ते. पेट दोन फिटच्या मधल्या काळात करतात. फिट जिथून सुरू होते तो भाग तेव्हा साखर कमी खातो, म्हणून मंद दिसतो. चार-सहा तास उपाशी यायचं; डायबिटीस असेल तर आधी कळवा. फिटच्या वेळचा स्पेक्ट उलटा. वॉर्डात नर्स स्कॅनच्या किरणोत्सारी औषधाने भरलेली सिरिंज घेऊन खाटेशी बसते आणि फिट सुरू होताच काही सेकंदांत टोचते. जिथे रक्त धावलं तिथे औषध अडकून राहतं, त्यामुळे फोटो फिट थांबल्यावर, थोड्या वेळाने काढला तरी चालतो. तिथे नातेवाइकाचं काम एकच: चाहूल लागली की बेल दाबायची आणि पेशंट आणि कॅमेरा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. गोळ्या कमी करायच्या त्या तिथेच, डॉक्टरांसमोर. घरी स्वतःहून कधीच नाही.

आणि जुना स्कॅन ‘नॉर्मल’ असला तरी त्याची सीडी आणा. नुसता रिपोर्ट नको.