पुठ्ठ्याचा उड्या मारणारा पक्षी

कार्यशाळेत नवीन कुणी आलं की मी कात्री देत नाही, खोक्याचा एक तुकडा देते आणि दोन्हीकडून वाकवायला सांगते. एका बाजूने तो पटकन दुमडतो, दुसऱ्या बाजूने अडून बसतो. आतल्या पन्हळी ज्या दिशेने धावतात, त्या दिशेला ताकद. हे बोटांना कळल्याशिवाय कापायला बसूच नका.

पहिलं यंत्र म्हणून मी नेहमी हेच करून घेते: हँडल फिरवलं की पक्षी उडी मारतो आणि गिरकीही घेतो. साधारण 20 सेंमीचं, पुढून उघडं खोकं घ्या. उभ्या भिंतींच्या पन्हळी उभ्याच हव्यात. कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे चिकटवले की खोकं डुलत नाही.

आता चकती. माझी पहिली चकती एकाच पुठ्ठ्याची होती; थोड्याच फेऱ्यांत तिची कड चेपली आणि पक्षी जागचा हलेना. तेव्हापासून 6 सेंमी व्यासाच्या तीन चकत्या एकमेकींवर चिकटवते, मधलीच्या पन्हळी आडव्या ठेवून. रात्रभर वजनाखाली वाळू द्या. घाई करून ओल्या गोंदावर भोक पाडलंत तर थर सरकतात.

भोक मध्यावर नाही, मध्यापासून 1 सेंमी बाजूला पाडा. तेवढ्यावर पक्षी 2 सेंमी उचलला जातो. त्यात बांबूची काडी घट्ट बसवून दोन्ही बाजूंनी गोंद भरा, नाहीतर काडी नुसतीच फिरेल.

काडीसाठी दोन्ही भिंतींना तळापासून 7 सेंमीवर भोकं लागतात. खोकं जोडण्याआधीच दोन्ही भिंती एकावर एक धरून दाभणाने एकदम टोचा. वेगवेगळी पाडली की हमखास तिरकी येतात. भोकांत स्ट्रॉचे तुकडे बसवले की काडी सहज फिरते. तिचं एक टोक बाहेर ठेवा, हँडल तिथे बसतं.

छतातून 5 सेंमीची स्ट्रॉ उभी सोडा आणि त्यातून पक्ष्याची काडी. ही स्ट्रॉ आखूड ठेवू नका. काडी कलते आणि अडकते. काडीच्या खालच्या टोकाला दुसरी, आडवी चकती लावा. ती पहिल्या चकतीवर मध्याने नाही, कडेजवळ टेकली पाहिजे. मध्याने टेकली तर नुसती उडी, कडेने टेकली तर गिरकीसुद्धा! मुलांना ही जागा हाताने सरकवून शोधू द्या, तुम्ही सांगू नका. ती शोधतानाचे त्यांचे चेहरे बघायलाच मी दर वेळी येते.

पक्षी वर जाऊन तिथेच राहिला तर तो हलका आहे. आडव्या चकतीला खालून काही लावू नका, घासेल. वरच्या बाजूला, काडीला लागून एक लोखंडी नट चिकटवा आणि हँडल पुन्हा सावकाश फिरवा.