पुस्तक छापून आलं, आता पुढं?

छापखान्यातून पहिले गठ्ठे घरी आले की दोन दिवस नव्या कागदाचा वास घेण्यातच जातात. जाऊ द्यावेत. तिसऱ्या दिवशी मात्र कामाला लागायचं. मी मुलांसाठी गोष्टी लिहिते, माझी मैत्रीण चित्रं काढते. पुढचं सगळं आम्ही चुकत-माकत शिकलो.

आधी प्रकाशकाशी बोलून घ्या. आवृत्ती किती प्रतींची, लेखक-चित्रकाराला मोफत प्रती किती, स्वतः विकायला घेतल्या तर सवलत किती. पैशांचं विचारायला संकोच वाटतो, पण नंतर विचारायला त्याहून जास्त वाटतो. आतली कोणती चित्रं प्रसिद्धीसाठी वापरायची हेही आत्ताच ठरवा. आणि प्रत्येक बातमीत, प्रत्येक पोस्टरवर दोघांची नावं हवीत. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं, तरी गळतं ते चित्रकाराचंच नाव.

मग तीन-चार ओळींची ओळख लिहा: गोष्ट कशाबद्दल, कोणत्या वयासाठी, किंमत काय, मिळेल कुठं. ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’ हे शब्द दुसऱ्यांसाठी ठेवा. सोबत मुखपृष्ठ आणि आतलं एक चित्र, बस्स. व्हॉट्सअ‍ॅपवर हे एकेकाला नावानं पाठवा. गटात टाकलेलं सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

आता प्रकाशन समारंभ. आमच्या पहिल्या पुस्तकाला सभागृह घेतलं, शाली-श्रीफळं आणली, ८० माणसांना बटाटेवडे दिले. चार भाषणं झाली. ज्यांच्यासाठी पुस्तक होतं ती मुलं मागं खुर्च्यांखाली लपाछपी खेळत होती. प्रती खपल्या ११. दुसऱ्या वेळी सभागृहाच्या वाटेला गेलोच नाही. एका शाळेत सतरंजीवर बसलो. मैत्रिणीनं फळ्यावर पुस्तकातली म्हैस काढायला घेतली, मी वाचायला लागले आणि ऐन मोक्याला थांबले. ‘पुढं काय झालं?’ असा जो गलका उठला, त्यानं चार भाषणांचं काम केलं.

शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांना आधी भेटून एकच तासिका मागा. विक्रीची परवानगी वेगळी घ्या. मुलांकडून पैसे घेऊ नका; पालकांसाठी चिठ्ठी द्या, नोंदणी झाली की प्रती पोचवा. शाळांना निमित्त आवडतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हाताशी आहेतच, पण महिनाभर आधी विचारा. त्या आठवड्यात सगळेच लेखक मोकळे असतात.

दुकानांकडे स्वतः जायला हरकत नाही. मात्र प्रकाशकाचा वितरक तिथं आधीच पोचला असेल तर मधे लुडबुड नको. नसेल, तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला प्रत हातात घेऊन जा, दुकानदाराला चाळू द्या. कमिशन द्यावं लागतंच. पाचच प्रती ठेवा, विकल्यावर पैसे या बोलीवर, आणि पोच लिहून घ्या.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना लेखक विसरतात. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदानातला काही पैसा पुस्तकखरेदीसाठी असतो. ग्रंथपालाला बालविभाग दाखवायला सांगा. कपाटाला कुलूप आहे की पुस्तकं फाटेपर्यंत वाचली गेलीत, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

परीक्षणासाठी दहाएक प्रती बाजूला काढा आणि मुलांच्या पुस्तकांवर खरोखर लिहिणाऱ्यांनाच पाठवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा तिथं ऑक्टोबरात प्रत पाठवून उपयोग नाही. नातेवाइकांना ‘सप्रेम भेट’ देण्याचा मोह आवरा. मामा-मावशीनं विकत घेतलेलं पुस्तक निदान उघडलं तरी जातं.

बाहेरगावी पाठवायला टपालखात्याची ज्ञान पोस्ट सेवा मे २०२५पासून सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. वेळ थोडा जास्त लागतो, हे ग्राहकाला आधीच सांगा.

कुठं किती प्रती दिल्या ते एका वहीत तारखेसकट लिहा. दोन महिन्यांनी वही उघडून प्रत्येक दुकानाला फोन करा. पाचही प्रती संपल्या असल्या, तरी दुकानदार स्वतःहून कळवत नाही.