साडेआठची जपमाळ

माझं माहेर वसईचं. संध्याकाळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली की हातातली बादली खाली ठेवायची, ही लहानपणची सवय. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा कळलं, लाल चर्चची घंटा रामबागेपर्यंत पोचत नाही. दिवेलागणीला इथे ऐकू येतं ते शेजारच्या काकूंचं ‘शुभं करोति’. मग प्रार्थना घड्याळावर लावली. घरात आम्हा कॅथलिकांची जपमाळ (रोझरी) कशी सुरू करायची, असं ओळखीच्या नव्या सुना विचारतात, त्यांच्यासाठी हे.

दिवेलागणीचा हट्ट धरू नका. त्या वेळी नवरा पीथमपूरच्या बसमध्ये असतो, पोरं ट्यूशनला. आमची वेळ साडेआठ, जेवणाआधी. जेवणानंतर ठेवाल तर दुसऱ्याच दशकात (दशक म्हणजे माळेतले दहा मणी) माना पडतात. भूक लागलेली असली की सगळे ताठ बसतात आणि वेगही चांगला असतो. (जरा जास्तच चांगला. त्यावर लक्ष ठेवा.)

सुरुवात एकाच दशकाने करा. पूर्ण जपमाळ म्हणजे पाच दशकं, आधीचे तीन मणी धरून 53 वेळा ‘नमो मरिया’ ही मरियामातेची प्रार्थना. वीसेक मिनिटं जातात. मी पहिल्यापासून पाचही लावली आणि कुणी मांडी मोडली की डोळे वटारले. थोरला दहावीत गेला तेव्हा बरोबर साडेआठला त्याला सायकलमध्ये हवा भरायची आठवण होऊ लागली. चूक माझी होती. आता आठवडाभर एकच दशक, चार मिनिटं. पूर्ण माळ फक्त शनिवारी, आणि ऑक्टोबरभर रोज, कारण तो जपमाळेचा महिना. 7 तारखेला जपमाळेच्या मातेचा सण.

प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. त्यांचे वार लक्षात ठेवा: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली वाढवली. माझ्या सासूबाईंनी ती शेवटपर्यंत मानली नाहीत; गुरुवारी त्या जुन्या रीतीने आनंदाचीच म्हणायच्या, आणि फादरांना सांगायच्या की मला आता नवीन पाठ होत नाही.

त्या दिवशीच्या पाचांतलं कुठलं रहस्य घ्यायचं ते घरातल्या सर्वांत लहानाला ठरवू द्या. आमचा नातू सहा वर्षांचा. आनंदाचा वार असला की दर वेळी तो यरुशलेमच्या मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू निवडतो. स्वतः एकदा सराफ्यात हरवला होता ना, रबडीच्या दुकानापाशी सापडला.

भाषेवरून वाद घालू नका. सून केरळची, मुलं हिंदीत शिकलेली, मी मराठी. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी, ज्याने त्याने आपल्या भाषेत. पहिले काही दिवस मासळीबाजार वाटतो, मग आपोआप सूर लागतो.

मागणं नाव घेऊन मागा. ‘जगाच्या शांतीसाठी’ म्हटलं की पोरं जांभया देतात. ‘वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या गुडघ्यासाठी’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी नातू जिना चढून विचारून येतो, बरं वाटतंय का.

भांडण झालं असेल त्या दिवशी माळ टाळू नका. ‘हे आमच्या बापा’ या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी थांबते आणि सिस्टर राणी मारिया यांची आठवण काढते. गोष्ट आपल्याच भागातली आहे. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरला येताना बसमधून उतरवून त्यांचा खून झाला. 2002 च्या रक्षाबंधनाला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरातच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. एवढं सांगून झालं की मी ओळ पुढे नेते. भांडलेल्यांकडे बघायचं नाही. बघितलं की उपदेश होतो आणि पोरं आणखी फुगतात.

मधेच दारावरची घंटा वाजली तर माळ गुंडाळून लपवू नका. दार उघडा, खुर्ची द्या, राहिलेलं पूर्ण करा. शेजारच्या काकू कितीदा तरी अशा येऊन बसल्यात. आमेन झालं की डोक्यावरचा पदर नीट करतात आणि विचारतात, “झालं ना? मग ती वाटीभर साखर द्या आता.”